तरण म्हणजे तरून जाणं

सालेटोल्याच्या बायांमध्ये वाचता येणारी रुखमा एकटीच. सातवी पास होऊन ती आंधळगावाहून इथं सून म्हणून आली, तेव्हा तिच्यासोबत आलेल्या भांड्याकुंड्यांपेक्षा तिच्या वाचण्याचंच गावात जास्त कौतुक झालं. लेकीचं पत्र असो, तहसिलीतली नोटीस असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, बाया पदराखाली कागद घेऊन तिच्या छपरीत यायच्या. तसे वाचणारे बापे गावात चार-पाच होते. पण बाप्याकडे कागद नेला की तो आधी मनातल्या मनात वाचतो, आणि मग बाईला सांगायचं तेवढंच सांगतो, हे सगळ्यांच्या अनुभवाचं होतं. रुखमा सगळं वाचायची. 'कळावे' पर्यंत वाचायची. म्हणून तिच्या शब्दाला छपरीत किंमत होती, आणि दहा वर्षांच्या संसारात स्वतःची म्हणावी अशी तिच्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती.

माघातली गोष्ट. एकोणऐंशीच्या कोरड्या हंगामाला दीड वर्ष होऊन गेलं होतं, पण त्या साली पोटरीत आलेला धान डोळ्यांदेखत वाळला तो कोणी विसरलं नव्हतं. अशात पंचायतीनं घरोघर एक छापील कागद वाटला. दुपारी भांडी आटोपून बाया रुखमाकडे जमल्या. रुखमाच्या मांडीवर सहा महिन्यांचा बाळ दूध पीत होता. एका हातानं त्याचं डोकं सावरत, दुसऱ्या हातात कागद धरून ती वाचू लागली.

"शासन, खाजगी उद्योजक व ग्रामस्थ यांच्या संयुक्त सहभागातून मौजा सालेटोला येथे स्पर्धात्मक दर्जाचा तरण तलाव बांधण्याचे योजिले असून..."

"अवं, हळू वाच ना," देवकाबाई म्हणाली. "रेलगाडी सुटून राहिली का तुयी?"

सगळ्या हसल्या. रुखमानं पुन्हा हळू वाचलं. निम्मा खर्च सरकार करणार, निम्मा भैय्यालाल शेठची राइस मिल करणार, आणि जागा व अंगमेहनत गावानं द्यायची. सडकेच्या वरच्या अंगाला, मिलच्या पलीकडे जागा ठरली होती.

"शेठ काहून देऊन राहिला तलावाले?" एकीनं विचारलं. "त्याची मिल पाणी पेते का?"

"मिल धान खाते ना व," देवकाबाई म्हणाली. "तलाव भरला त धान पिकन, धान पिकला त मिल चालन. शेठ फुकट कोठी देऊन राहिला?"

हे सगळ्यांना पटलं. रुखमालाही पटलं. कुंताबाई मात्र खांबाला टेकून कागदाकडे पाहत बसली होती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, लेक परगावी दिलेली, घरात एकटी बाई. तिचं दीड एकर वावर नेमकं सडकेच्या वरच्या अंगाला होतं. गावच्या जुन्या तलावाचं पाणी खालच्या वावरांना जायचं, वर चढायचं नाही. म्हणून खाली धान डुलायचा आणि कुंताबाई वर त्या बरड जमिनीत कोदो नाहीतर तूर टाकून वर्ष काढायची.

"रुखमे," तिनं विचारलं, "तरण म्हणजे काय होते?"

रुखमानं कागदाकडे पाहिलं. हा शब्द तिला पुस्तकात कधी भेटला नव्हता. या भागात पोरं तलावात पवतात, पोहण्याला पवणं असंच म्हणतात. तरणं म्हणजे जगून-वाचून पार होणं. दुखण्यातून माणूस तरते, दुष्काळातून ढोरं तरतात. सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. बाळानं दूध सोडून तोंड वर केलं, जणू त्यालाही ऐकायचं होतं. 'मले नाही माहीत' एवढे तीन शब्द तिनं त्या छपरीत आजवर कधी उच्चारले नव्हते.

"तरण म्हणजे तरून जाणं, काकी," ती म्हणाली. "ज्या तलावाच्या भरोशावर गाव तरून जाते ना, तो तरण तलाव. पाणी नाही पडलं त कामी येणारा."

"असं व माय," कुंताबाई म्हणाली. तिनं तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवला.

पुढच्याच पंधरवड्यात सरपंच मारोतराव जागेसाठी कुंताबाईच्या दारात गेले. सडकेला लागून तिचं अर्धा एकर लागत होतं. बाकीची जागा पंचायतीचीच होती. मारोतराव एवढंच म्हणाले, "बाई, तलावासाठी जागा पाहिजे. गावाचं काम आहे." तलाव म्हणजे कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. विचारायचं होतं ते तिनं आधीच विचारलं होतं, आणि तिला उत्तर मिळालेलं होतं. उरलेल्या एकरात पाणी येणार असेल तर अर्धा एकर गावाला द्यायला तिची हरकत नव्हती. दानपत्रावर अंगठा लावायला ती रुखमाला सोबत घेऊन पंचायतीत गेली. रुखमानं तो कागदही वाचला, शेवटपर्यंत वाचला. त्यातही तरण तलावच लिहिलेलं होतं. अंगठा लावून झाल्यावर कुंताबाई शाई पुसायला काही सापडतं का पाहू लागली. तेव्हा रुखमानं तिचा हात हातात घेतला आणि आपल्या पदरानं तो काळा अंगठा पुसून काढला.

होळी झाल्यावर खोदकाम लागलं. चुन्याच्या पांढऱ्या रेषा आखल्या गेल्या, आणि ज्या घरातून मजुरीवर कोणी नव्हतं त्या घरातून आठवड्यातला एक दिवस अंगमेहनत, असं ठरलं. रुखमाचा नवरा श्रावण शेठच्या वाट्याच्या कामावर मजुरीनं लागला. रुखमा कुंताबाईच्या बदली माती वाहायची आणि कुंताबाई जवळच्या मोहाच्या सावलीत बाळ सांभाळायची. बाळ तिच्याजवळ कधी रडायचं नाही. आपल्या घरून ती तांब्यात पेज आणायची. अर्धी बाळाला बोटानं चाटवायची, अर्धी रुखमाला प्यायला लावायची.

"बापा, तलाव कोठी चौकोनी असते?" माती टाकता टाकता देवकाबाई म्हणाली. "हे त ढोराइले पाणी पाजाचं टाकं दिसून राहिलं. भल्या मोठ्या ढोराइचं."

"नवीन पद्धत असन," रुखमा म्हणाली. पण तिच्याही मनात काहीतरी खुपलं. तलावाला पाणी अडवायला मातीची पाळ लागते. इथं तर माती ट्रॅक्टरमध्ये भरून लांब नेऊन टाकत होते.

कामावर मधुकरराव नावाचे एक सरकारी साहेब यायचे. जिल्ह्याच्या गावाहून एसटीनं यायचे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात फितीचा डबा. कोणावर ओरडायचे नाहीत. स्वतः खड्ड्यात उतरून माप घ्यायचे आणि वहीत टिपायचे. अखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी रुखमा घमेलं रिकामं करून परतत होती, ते वाटेत उभे होते. तिनं धीर केला.

"साहेब, पाट कोणत्या बाजूनं निघन?"

"पाट?"

"वावरात पाणी जायाचा."

मधुकररावांनी टोपी काढून घाम पुसला. ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "बाई, हे पाणी वावरात नाही जायचं. हा पोहायचा तलाव आहे. पंचवीस मीटर लांब, सहा पट्ट्या. एकेका पट्टीत एकेक मूल पोहणार, शर्यत लागणार. पाण्यात औषध टाकतात, ते धानाला चालायचं नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी तलाव आहेत, पोरं माशासारखी पोहतात. पण राज्याच्या स्पर्धेत आपलं एक नाव नाही. का? तर मापाचा तलाव नाही. मी सहा वर्षं याच्या मागं आहे."

"अन् तरण म्हणजे..."

"तरण म्हणजे पोहणं."

रुखमाच्या हातातलं घमेलं खाली आलं. साहेब मात्र आपल्याच नादात बोलत होते. काल संध्याकाळी गावच्या तलावावर त्यांनी पोरं पवताना पाहिली होती. हिरव्या झग्यातली एक पोरगी म्हशीच्या पाठीवरून उडी मारून पलीकडच्या दगडापर्यंत गेली होती. त्यांनी घड्याळ लावलं होतं.

"डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहते, तिला काहीच शिकवलेलं नाही. तरी इतक्या वेळात! कोणाची आहे ती, माहीत आहे?"

"माही," रुखमा म्हणाली. "चंदी. चंद्रकला."

"मग इथल्या यादीत पहिलं नाव तिचं," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी वहीत खरंच लिहिलं.

मोहाच्या सावलीत कुंताबाई बाळाला पायांवर आडवं घेऊन थोपटत होती. रुखमा तिथवर गेली. सांगायचं म्हणूनच गेली होती. कुंताबाईनं तांब्या पुढं केला. "पे. तोंड सुकून गेलं तुयं." रुखमा प्यायली. पेजेसोबत शब्दही खाली गेले.

त्या दिवशी नाही सांगितलं ते दुसऱ्या दिवशी अवघड झालं, आणि आठ दिवसांनी त्याहून अवघड. चूक कळली तेव्हाच सांगितलं असतं तर चूकच राहिली असती. आता ती वेगळंच काहीतरी होत चालली होती, आणि रुखमाला ते रोज कळत होतं. तिनं श्रावणला सांगून पाहिलं. तो आंगणात बसून पायाला रुतलेला खडा काढत होता.

"चूप राय," तो मान वर न करता म्हणाला. "तुया बोलण्यानं काम थांबलं, त मजुरी काय तुया बाप देईन आंधळगावाहून? अन् पोट्टीचं नाव साहेबानं लिहून नेलं. सगळ्या गावात मले लोक पुसून राहिले, श्रावणभाऊ, चंदी शर्यतीले नागपूरले जाईन म्हणते."

"पण काकीचं वावर..."

"तुनं नाही घेतलं तिचं वावर. पंचायतीनं घेतलं. तुनं कागद वाचला फक्त."

चंदी दारात उभी राहून ऐकत होती. तिला अर्ध्याहून जास्त कळलं नाही, पण नागपूर तेवढं कळलं. ती आईच्या गळ्यात पडली. तिच्या केसांना तलावातल्या शेवाळाचा वास येत होता. रुखमानं तिला जवळ घेतलं. या पोरीनं पाण्यात मारलेली उडी कोणा साहेबाला घड्याळ लावून बघावीशी वाटावी, या गोष्टीचा तिला इतका आनंद झाला होता की त्या आनंदाचीच तिला लाज वाटू लागली होती.

तिकडं कुंताबाई कामाला लागली होती. वैशाख मध्यावर आला तशी ती खोदकामावर दिसेनाशी झाली. सकाळी फावडं घेऊन ती आपल्या उरलेल्या एकरात जायची आणि अंधार पडायच्या आत परतायची. तिनं त्या बरडात बांध्या पाडायला घेतल्या होत्या. चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून धान रोवायला वावर सपाट करायचं, त्यात पाणी थांबवायचं. दोन जोडप्यांचं काम ती एकटी करत होती. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय बाई, टेकाडावर धान लावता का?" ती म्हणायची, "पाणी येऊन राहिलं ना." आणि हसायची. सबंध आयुष्य तिनं दुसऱ्यांच्या बांध्यांत चिखलात वाकून रोवणा केला होता. आपल्या स्वतःच्या बांधीत तिनं कधी एक काडी रोवली नव्हती.

मिरगाला पाच दिवस उरले होते. कुंताबाई सकाळीच रुखमाच्या दारात आली. हाताला फोड आलेले, त्यावर हळद लावलेली.

"चल, पाहून ये. तुले दाखवल्याबिगर मले गोड नाही लागत."

रुखमा बाळाला कडेवर घेऊन गेली. सडक ओलांडली, खड्ड्याच्या कडेनं गेल्या. खड्ड्यात आता सिमेंटची तळजमीन झाली होती, चारही भिंती उभ्या होत्या. त्याच्या खालच्या अंगाला कुंताबाईचं एकर. रुखमा बघतच राहिली. सहा बांध्या, एकीखाली एक, धुरे हातानं थापून गुळगुळीत केलेले, कोपऱ्यावर शेणाचा हात फिरवलेला. आणि सगळ्यात वरच्या धुऱ्याला, बरोबर त्या सिमेंटच्या भिंतीकडे तोंड करून, कुंताबाईनं पाणी घ्यायला दीड हात रुंद वाट ठेवली होती. वाटेत चिखल वाहून जाऊ नये म्हणून चपटे दगड बसवले होते.

"इथून येईन," ती म्हणाली. "मी साहेबाले पाट कोठून काढता म्हणून पुसणार होती, पण म्हटलं, आपण आपलं तोंड तयार ठेवावं. बियाणं देवकाबाईपाशी सांगून ठेवलं. कोदो यंदा टाकतच नाही. रोपाचे पऱ्हे उद्या..."

"काकी, पाणी नाही येत."

कुंताबाईनं वळून पाहिलं.

"त्यातून पाणी नाही येत," रुखमा म्हणाली. "तो पवाचा तलाव आहे. पोट्ट्याइच्या शर्यतीचा. तरण म्हणजे पवणं. मले तो शब्द येत नव्हता. मी मनानं सांगतला."

कुंताबाईनं सिमेंटच्या भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या वाटेकडे पाहिलं. कडेवरचं बाळ तिला पाहून हात पसरू लागलं होतं. तिनं ते पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"तुले कवा समजलं?"

रुखमाला खोटं बोलता आलं असतं. 'आजच' म्हणता आलं असतं.

"अखाजीच्या आधी."

कुंताबाईनं बोटं मोजली नाहीत, पण तिच्या चेहऱ्यावर दिवस मोजले गेलेले दिसले. "तवा मी पहिला धुराही टाकला नव्हता," ती म्हणाली. "शब्द नाही आला, त त्याचं काही नाही. मले त एकही येत नाही. पण समजल्यावरही तू माह्या हातची पेज पेली, रुखमे. दर खेपेले पेली."

रुखमानं खाली मान घातली. काकी ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता हे सगळ्याइसमोर सांग," कुंताबाई म्हणाली. "पंचायतीत. मी एकटीनं सांगतलं त म्हणतीन, बुढी खुळी झाली. तू वाचणारी आहे. तुनं सांगाले पाहिजे."

सभा दोन दिवसांनी होती, तलावाच्याच कामासाठी. पंचायतीच्या खोलीसमोर सतरंज्या टाकल्या होत्या. भैय्यालाल शेठ फटफटीवरून आले होते, मधुकरराव खुर्चीवर होते, मारोतराव वही उघडून बसले होते. बाया सभेला येत नसत. त्या दिवशी सात-आठ आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. श्रावणनं रुखमाला पाहिलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

उद्घाटनाच्या पाटीवर शेठच्या वडलांचं नाव वर की सरकारचं वर, यावर बोलणं चाललं होतं. रुखमा मध्येच उभी झाली.

"मले सांगाचं आहे," ती म्हणाली. कडेवरच्या बाळानं तिच्या मंगळसूत्रात बोटं अडकवली होती. ती सोडवायचंही तिला सुचलं नाही. "माघात कागद आला तवा मी चूक वाचलं. तरण तलाव म्हणजे धानाले पाणी देणारा तलाव, असं मी बायाइले सांगतलं. त्यावर भरोसा ठेवून कुंताकाकीनं वावर दिलं. अन् चूक समजल्यावर मी महिनाभर चूप राहिली. काकीनं त्या भरोशावर बांध्या पाडल्या. चूक माही आहे."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "सातवी पास!" आणि हसण्याची एक लाट पुढपर्यंत आली. बाप्यांपैकी किती जणांना माघात तरणचा अर्थ माहीत होता, हे त्या हसण्यावरून कळायला मार्ग नव्हता. सगळेच जोरात हसत होते.

मारोतरावांनी वहीवर हात ठेवला. "कागदात स्पष्ट लिहून आहे. कोणी चूक वाचलं, त पंचायत काय करन?"

"वावर तुम्ही मागाले आले होते, मारोतराव," कुंताबाई भिंतीजवळून म्हणाली. "मले काय म्हणून मागतलं?"

"तलाव म्हणून. मंग तलावच होऊन राहिला ना!"

पुन्हा हसू झालं. फक्त मधुकरराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. सहा वर्षांच्या खटपटीनंतर उभ्या राहिलेल्या त्या भिंतीखाली कोणाचं काय दबलं आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. ते उठून म्हणाले, "तलाव भरायला विहीर खोदतो आहोत, पंप बसणार आहे. हंगामात एका एकराला पाणी देणं काही कठीण नाही. माझी ना नाही. पण विहीर निम्मी शेठजींच्या खर्चाची आहे. त्यांची संमती लागेल."

सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. शेठनं दोन्ही हात जोडले. "अपनी कायको ना रहेगी साहेब? बाई माझ्या आईसारखी आहे. पण विहीर सरकारची पण आहे ना. सरकार लिहून देऊ दे, मी तिथंच सही करतो."

"मी वर विचारतो," मधुकरराव म्हणाले.

"कवापर्यंत?" कुंताबाईनं विचारलं.

"दिवाळीपर्यंत तरी..."

"मिरग तीन दिवसावर आहे," ती म्हणाली. त्यावर मात्र कोणी हसलं नाही. सरकारनं शेठकडे बोट दाखवलं होतं, शेठनं सरकारकडे. मारोतराव थोडं थांबले आणि पाटीचा विषय पुन्हा काढला.

परत जाताना श्रावण चार पावलं पुढं चालत होता. घर आलं तेव्हा तो म्हणाला, "झालं तुयं मन? आता सुटली तू कागद वाचण्यातून." त्यात राग होता, पण थोडी धास्तीही होती. भैय्यालाल शेठनं जाताना त्याच्याकडं नीट पाहून घेतलं होतं.

तो म्हणाला तसंच झालं. दुसऱ्या दिवशी छपरीत कोणी आलं नाही, त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. टपालवाला देवकाबाईच्या घरी पत्र टाकून गेला, ते रुखमानं पाहिलं. थोड्या वेळानं देवकाबाई तेच पत्र घेऊन शाळेच्या गुरुजींच्या घराकडं गेली, तेही पाहिलं. जाताना देवकाबाईनं तिच्याकडं पाहून उगाच विचारलं, "काय माय, झाली भाजी?" आणि उत्तराला थांबली नाही.

मिरगाच्या आदल्या दिवशी चंदी धावत आली. "माय, कुंताआजी बांध्या फोडून राहिली!"

रुखमानं बाळ उचललं, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि निघाली. कोदोच्या वावरात पाणी थांबून चालत नाही, तुरीच्या तर मुळ्याच कुजतात. आकाश भरून येत होतं. पाऊस त्या सहा बांध्यांत तुंबण्याआधी धुरे मोडले नाहीत, तर धान तर नाहीच, कोदोही जाणार होता.

कुंताबाई वरच्या बांधीत होती. ज्या धुऱ्याला तिनं शेणाचा हात फिरवला होता त्यावर ती फावड्याचे घाव घालत होती. उन्हात वाळून माती दगडासारखी झाली होती. एक ढेकूळ सुटायला तीन-तीन घाव लागत होते. तिनं रुखमाला येताना पाहिलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

रुखमानं तुरीच्या जुन्या धसकटांपासून दूर, सावली बघून फडकं पसरलं, बाळाला त्यावर ठेवलं आणि चंदीला जवळ बसवलं. मग सगळ्यात खालच्या बांधीत जाऊन तिनं फावडं मारलं. एक वर, एक खाली, अशा त्या दोघी दुपारभर धुरे फोडत राहिल्या. मध्ये चार बांध्यांचं अंतर होतं. घाव कधी एकदम पडायचे, कधी मागंपुढं. दोनदा बाळ रडलं. पहिल्यांदा कुंताबाईचं फावडं हवेत थांबलं. तिनं त्या बाजूला पाहिलं, आणि ते पुन्हा खाली आलं. रुखमा स्वतःच गेली, बाळाला पाजून आली. दुसऱ्यांदा चंदीनंच त्याला कडेवर घेतलं.

चार वाजता दोघी एकाच धुऱ्याच्या दोन टोकांना आल्या. कुंताबाईच्या हातावरचे फोड फुटले होते, फावड्याच्या दांड्याला ओल लागली होती. रुखमानं तो दांडा घ्यायला हात पुढं केला. कुंताबाईनं दिला नाही.

पलीकडं सिमेंटच्या भिंतीवर गवंडी उभा राहून पाणी मारत होता. चंदी बाळाला घेऊन तिकडं पाहत होती. कालपासून तिनं नागपूरचं नाव काढलं नव्हतं.

"काकी," रुखमा म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "चंदीले मी नाही पाठवत तिथं. साहेबाले सांगतो, यादीतून नाव काढा म्हणून."

कुंताबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. घामानं तिचे पांढरे केस कपाळाला चिकटले होते.

"काहून?" ती म्हणाली. "तिनं वाचला होता का कागद?"

आणि पाठ वळवून तिनं उरलेल्या धुऱ्यावर फावडं घातलं.